हेरांच्या घरातील दुसरी पिढी

चित्रपटाचा 'दुसरा भाग' ही मुळात बाजाराची गरज असते, कलावंताची नव्हे. पहिल्या भागाने गल्ला भरला की निर्माता दुसऱ्याची मागणी करतो आणि प्रेक्षकही फारशी आशा न ठेवता तिकीट काढतो. त्यातून चित्रपट मुलांसाठी काढलेला, हेरगिरीचा आणि सहकुटुंब पाहायचा असेल, तर गंभीर समीक्षा त्याच्याकडे पाठच फिरवते. रॉबर्ट रॉड्रिग्ज या दिग्दर्शकाचा 'स्पाय किड्स २: द आयलंड ऑफ लॉस्ट ड्रीम्स' हा अमेरिकन चित्रपट याच वर्गातला. पहिला भाग मार्च २००१ मध्ये आला आणि दुसरा ऑगस्ट २००२ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत. एवढ्या घाईत काढलेल्या चित्रपटाकडून कुणी काय अपेक्षा करावी? परंतु हा चित्रपट त्या अपेक्षेच्या बराच वर जातो, आणि तो का जातो याचे उत्तर केवळ करमणुकीच्या हिशेबात सापडत नाही, असे माझे मत आहे.

या पानांच्या वाचकांना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य परके नाही. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी ती ओळख मराठीत करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिकडचे घेतले. पण त्याच काळात टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंत मेक्सिकन वंशाची माणसेही, 'चिकानो' हे हिणवणीचे नाव अभिमानाने धारण करून, रस्त्यावर आली होती. त्यांच्याकडे आपले लक्ष तितकेसे गेले नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेने घेतला, आणि तिथली माणसे न हलता परदेशी ठरली. पुढे टेक्सासात त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या 'मेक्सिकन शाळा' निघाल्या. शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत. मूकपटांच्या काळापासून अमेरिकन पडद्यावर मेक्सिकन माणूस आला तो 'ग्रीझर' म्हणून, म्हणजे तेलकट, दगाबाज, सुरा चालवणारा. चित्रपटांच्या नावांतसुद्धा ही शिवी छापली जात असे.

रॉड्रिग्ज या समाजातला. जन्म १९६८, गाव सॅन अँटोनियो, दहा भावंडांतला तिसरा. १९९२ मध्ये त्याने 'एल मारियाची' हा पहिला चित्रपट सुमारे सात हजार डॉलरमध्ये पुरा केला, आणि त्यातले काही पैसे उभे करण्यासाठी औषधाच्या चाचणीला स्वतःचे शरीर दिले. भांडवल नसलेल्याने कला कशी करायची, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर सरळ आहे: सगळे स्वतः करायचे. 'स्पाय किड्स २' चे लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन त्याचे. संगीतात जॉन डेब्नी यांच्यासोबत तोही. हातात पैसा आल्यावरही (या चित्रपटाला सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्च आला) त्याने ही पद्धत सोडली नाही. सायक्लोस्टाइलवर अंक काढून, स्वतःच पोस्टात नेऊन टाकणाऱ्या आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांना ही वृत्ती ओळखीची वाटावी.

आता कथा. ग्रेगोरियो आणि इन्ग्रिड कॉर्टेझ हे नवराबायको हेर. त्यांची मुले कारमेन आणि जूनी पहिल्या भागात आईबापांना सोडवतात आणि बालहेर होतात. दुसऱ्या भागात हेरखात्यात बालहेरांची मोठी शाखाच उघडलेली आहे, आणि तिथे या भावंडांचे प्रतिस्पर्धी आहेत गॅरी आणि गर्टी गिगल्स. त्यांचा बाप डॉनॅगन हा ग्रेगोरियोचा खात्यातला स्पर्धक. खात्याच्या संचालकपदावर ग्रेगोरियोचे नाव नक्की झालेले असते. समारंभात राष्ट्राध्यक्ष नाव वाचायला उभे राहतात. पण ज्या पडद्यावरून ते वाचणार, त्यातला मजकूर डॉनॅगनने आधीच बदललेला असतो. राष्ट्राध्यक्ष समोर दिसेल ते वाचतात आणि डॉनॅगन संचालक होतो. त्याच रात्री एक महत्त्वाचे यंत्र चोरीला जाते. जूनीच्या हाती असलेले ते यंत्र गॅरीच्या झटापटीने निसटलेले असते, पण ठपका जूनीवर येतो आणि त्याला खात्यातून काढले जाते. पुढे कारमेन संगणकात शिरून भावाचे नाव पुन्हा यादीत घालते आणि दोघे त्या यंत्राच्या शोधात एका गूढ बेटावर पोहोचतात.

हा चित्रपट मी आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात भिंतीवर पडदा लावून मुलांना दाखवला. बहुतेक मुले घरातली पहिलीच शिकणारी, माझ्यासारखी. अर्धा चित्रपट झाल्यावर कला शाखेचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, ह्यांच्यावर अन्याय कधी होणार?"

प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. सावळ्या माणसांचे कुटुंब पडद्यावर आले म्हणजे आता त्यांचे घर जळणार, मुलीवर हात पडणार, बाप कुणाच्या तरी पायावर लोळणार, असे त्याला पडद्यानेच शिकवलेले आहे. उपेक्षित माणूस कलेत प्रवेश करतो तो वेदनेचे ओळखपत्र दाखवूनच. त्या वेदनेचे मोल मी कमी करीत नाही. आपले सगळे साहित्य त्याच पायावर उभे आहे. पण एखाद्या समाजाच्या मुलाला पडद्यावर फक्त रडण्याचीच परवानगी असावी, साहसाची, चुकण्याची, उनाडपणाची, भावंडाशी भांडण्याची नसावी, हीसुद्धा एक प्रकारची अस्पृश्यताच आहे. दुसऱ्या भागाकडून कमी अपेक्षा आणि विशिष्ट माणसांकडून कमी अपेक्षा, या दोन गोष्टी या चित्रपटात एकमेकींना भेटतात. कॉर्टेझ कुटुंब मेक्सिकन आहे हे चित्रपट कुठेही घोषणा करून सांगत नाही. ते तसे आहे, एवढेच. निर्मात्यांच्या बाजूने विचारणा झाली होती की हे कुटुंब लॅटिन वंशाचे कशाला हवे? रॉड्रिग्जने मुलाखतींतून सांगितले आहे की त्याने उत्तर दिले: जेम्स बाँड पाहायला प्रेक्षकाला ब्रिटिश असावे लागत नाही. या उत्तरात एका सौंदर्यशास्त्राचे बीज आहे. विश्वात्मकता ही गोऱ्याची मक्तेदारी, आणि बाकीच्यांचे ते 'विशिष्ट', हा प्रस्थापित समीक्षेचा आवडता सिद्धान्त एका वाक्यात पडतो.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की अन्याय केव्हाच झाला होता. आम्ही सगळे त्याला हसलो होतो. ठरलेल्या यादीतले नाव ऐन वेळी बदलणे यापेक्षा वेगळा अन्याय कोणता हवा? नोकरीच्या मुलाखतींना गेलेल्या कुणालाही हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही. एका संस्थेत मला सकाळी पहिला क्रमांक सांगितला गेला आणि संध्याकाळी फलकावर दुसरेच नाव लागले. तिथे पडद्यावरचा मजकूर बदलण्याइतकेही कष्ट कुणाला घ्यावे लागले नाहीत. चित्रपट या घटनेची ओळख जातीय किंवा वांशिक अन्याय म्हणून करून देत नाही. डॉनॅगन वंशद्वेषाचा एक शब्द बोलत नाही. तो फक्त आपल्या मुलांना पुढे काढतो, आपल्या नावाला जागा करून देतो, आणि हे सर्व हसतमुखाने करतो. गुणवत्तेच्या गप्पा मारणारी व्यवस्था प्रत्यक्षात अशीच चालते. तिला शिवी द्यावी लागत नाही, तिला फक्त यादी आपल्या हातात लागते.

जूनीच्या बाबतीत तर दिग्दर्शक आणखी पुढे गेला आहे. अखेरीस सत्य उघड होते, डॉनॅगन जातो, ग्रेगोरियो संचालक होतो, जूनीला सन्मानाने परत बोलावले जाते. आणि जूनी नकार देतो. ज्या खात्याने एका आरोपावर आपल्याला क्षणात पुसून टाकले, तिथे माणसाला किंमत नाही, असे तो लहानसा मुलगा शांतपणे सांगतो. मुलांच्या चित्रपटात नायकाला पद मिळणे हाच शेवट असतो. इथे पद नाकारणे हा शेवट आहे. खात्यात घेतले म्हणून कृतज्ञतेने मान झुकवणारा 'चांगला मेक्सिकन' दिग्दर्शकाला रंगवायचा नव्हता, हे उघड आहे.

नावांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या भागात गुप्त घराचे दार कारमेनने आपले पूर्ण नाव उच्चारल्याशिवाय उघडत नाही, आणि तिचे पूर्ण नाव म्हणजे लांबलचक स्पॅनिश नावांची माळ. शाळेत सुटसुटीत नाव चालवणाऱ्या मुलीला संकटात तेच नाव आठवावे लागते. आडनावावरून जात काढणाऱ्या आपल्या समाजात, आडनाव सांगताना क्षणभर थबकणाऱ्या आपल्या मुलांना, हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि बापाचे नाव ग्रेगोरियो कॉर्टेझ! टेक्सासच्या मेक्सिकनांत हे नाव पोवाड्यातले आहे. १९०१ मध्ये घोड्याच्या चोरीची चौकशी करायला आलेल्या शेरीफसोबतच्या दुभाष्याला घोडा आणि घोडी यांसाठीचे स्पॅनिश शब्द नीट कळले नाहीत. उत्तर खोटे ठरले, शेरीफने ग्रेगोरियोच्या भावावर गोळी झाडली, ग्रेगोरियोने शेरीफवर. मग दहा दिवस शेकडो बंदूकधारी या एका माणसाच्या मागे लागले. तो पकडला गेला, तुरुंगात गेला, १९१३ मध्ये त्याला माफी मिळाली. पण त्याआधीच लोकांनी त्याचा 'कॉरिडो' रचून गायला सुरुवात केली होती. अमेरिको पारेदेस या विद्वानाने १९५८ मध्ये त्या कवनावर ग्रंथ लिहिला, आणि १९८२ मध्ये त्यावर एडवर्ड जेम्स ओल्मोस यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला. ज्याला कायद्याच्या हेरांनी माळरानावर हुडकून काढले, त्याचेच नाव घेतलेला माणूस शंभर वर्षांनी पडद्यावर हेरखात्याचा संचालक होतो. टेक्सासातल्या मेक्सिकन आजोबाला नातवाशेजारी बसून हे नाव ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २०२२ मध्ये तो १९८२ चा चित्रपट दाखल झाला आणि २०२४ मध्ये 'स्पाय किड्स' चा पहिला भाग. दोन्ही कॉर्टेझ आता एकाच यादीत आहेत.

नटांची निवडही अशीच बोलकी. डॅनी ट्रेहो हा नट तरुणपणी अनेक वर्षे तुरुंगात होता, आणि सिनेमात आल्यावरही त्याच्या वाट्याला कैदी, गुंड, मारेकरी याच भूमिका आल्या. त्याचा तो व्रणांचा चेहरा इथे मुलांच्या लाडक्या काकाचा आहे. हा मचेटे काका खात्यासाठी यंत्रे बनवणारा बुद्धिमान कारागीर आहे. आजोबांच्या भूमिकेत रिकार्डो माँतालबान आहेत. मेक्सिकोत जन्मलेल्या या नटाने १९७० मध्ये 'नोसोत्रोस' ही संस्था काढली, ती हॉलिवूडमधील लॅटिन माणसाची प्रतिमा बदलण्यासाठी. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर ते चाकांच्या खुर्चीत होते. चित्रपटात ते त्या खुर्चीतच मोहिमेवर निघतात, आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. पाश्चात्त्य हेर एकटा असतो. त्याला आई नसते, सासराही नसतो. इथे पाणबुडीत सासूसासरे जावयाला टोमणे मारीत बसले आहेत. हा विनोद मला फार आवडला. माँतालबान यांच्या चेहऱ्यावर जावयाविषयीची जी अढी आहे, ती आपल्याकडच्या कुठल्याही मांडवात दिसेल.

बेटावरचा भाग हा चित्रपटाचा गाभा. तिथे कोणतेच विद्युत उपकरण चालत नाही. सगळी आधुनिक हेरगिरी निकामी होते आणि मुलांपाशी उरते काकाने दिलेले एक रबरबँड, ज्याचे ९९९ उपयोग आहेत म्हणे. ते कोणते, हे डोके चालवून शोधायचे. जूनीला मिळालेल्या घड्याळात जगातली सर्व सोय आहे, पण वेळ दाखवायला जागा उरलेली नाही. ही थट्टा करता करता दिग्दर्शक आपल्या कलेविषयीच बोलतो आहे. सांगाड्यांशी तलवारबाजीचा प्रसंग रे हॅरीहाउझेन यांच्या १९५८ आणि १९६३ च्या चित्रपटांना केलेला नमस्कार आहे. काही ठिकाणी संगणकी चित्रे कच्ची दिसतात, पण तो कच्चेपणा मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर काढलेल्या चित्राचा आहे. गुळगुळीत सफाईपेक्षा मला तो जवळचा वाटतो.

त्या बेटावर रोमेरो नावाचा शास्त्रज्ञ राहतो. स्टीव्ह बुशेमी यांनी तो फार छान उभा केला आहे. त्याने प्राण्यांचे संकर केले: कोळी आणि माकड, साप आणि सरडा, उडणारी डुकरे. ते चुकून अवाढव्य झाले आणि आता हा निर्माता त्यांच्या भीतीने जमिनीखाली लपून बसला आहे. एका क्षणी तो मुलांना विचारतो की देवही आपणच निर्माण केलेल्यांना भिऊन स्वर्गात राहत असेल का. मुलांच्या चित्रपटात हे वाक्य ऐकून मी चमकलो. 'संकर' हा आपल्या परंपरेत भीतीचा शब्द आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ती भीती बोलून दाखवतो. उच्चनीचतेची उतरंड ज्यांनी रचली, त्यांना सर्वांत मोठी धास्ती सरमिसळीची आणि आपण खाली दाबलेल्यांची. रोमेरो जेव्हा धीर करून बाहेर येतो, तेव्हा त्याला कळते की हे प्राणी त्याला समजले होते तितके हिंस्र नाहीत. जूनीने तर कोळीमाकडाशी मैत्रीही केलेली असते. इंडियन आणि स्पॅनिश रक्ताच्या सरमिसळीतून घडलेल्या समाजातला दिग्दर्शक हे रूपक उगाच मांडणार नाही.

एवढे मानूनही चित्रपटापुढे काही प्रश्न ठेवलेच पाहिजेत. पहिला प्रश्न खात्याचाच. हे हेर कुणाचे? ग्वाटेमालात लोकांनी निवडून दिलेले सरकार १९५४ मध्ये उलथवले ते अमेरिकन गुप्तहेर खात्याने. शेतमजुरांची संघटना बांधणारे सीझर चावेझ यांच्यावर एफबीआयने पाळत ठेवली होती. ज्या यंत्रणेने या समाजावर डोळा ठेवला, त्याच यंत्रणेचा डोळा होणे यात मुक्ती कशी मानायची? चित्रपट हा प्रश्न विचारीत नाही. जूनीच्या राजीनाम्यात त्याचे पुसट उत्तर आहे, पण बाप संचालक म्हणून राहतोच. सत्तेच्या खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे खुर्ची बदलली, असे समजणाऱ्यांना आपणही ओळखतो.

दुसरे, वर्ग. कॉर्टेझांचे घर समुद्रावरच्या कड्यावर, आणि ते घर झाडणारे हात कुठेही दिसत नाहीत. अमेरिकेत ते हात बहुतेक मेक्सिकन असतात. बेटाचे काही चित्रण कोस्टा रिकात झाले, पण पडद्यावरच्या बेटावर शास्त्रज्ञाखेरीज माणूस नाही. साहसकथेने दक्षिणेकडचा मुलूख आधी रिकामा करायचा आणि मग त्यात नायकाला धाडायचे, ही जुनी खोड इथेही सुटलेली नाही. तिसरे, बाप म्हणून निवडलेले अँटोनियो बँडेरास हे स्पेनचे, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या देशाचे. भूमिका त्यांनी मनापासून केली आहे, पण निवडीत बाजाराचा हिशेब दिसतो. कारमेन भावापेक्षा हुशार, तरी तिला गॅरीच्या गोऱ्या रुबाबाची भुरळ पडल्याचे दाखवून कथा बराच वेळ खाते. त्यापेक्षा गर्टी पाहा. ती बापाचे यंत्र स्वतःच बिघडवून ठेवते आणि त्याच्यापुढे ठामपणे उभी राहते. सवलतीत वाढलेल्या मुलीने सवलतीविरुद्ध बंड करण्याची ही शक्यता चित्रपटाने दोन मिनिटांत आटोपली. तिला जास्त वेळ द्यायला हवा होता.

जगभरात चित्रपटाने सुमारे १२ कोटी डॉलर मिळवले, पहिल्यापेक्षा थोडे कमी. तिसरा भाग २००३ मध्ये आला. त्याची कथा संगणकाच्या खेळात शिरते आणि तिथेच हरवते. चौथा २०११ चा. २०२३ मध्ये नव्या कुटुंबाला घेऊन आणखी एक निघाला. त्यांची स्वतंत्र चर्चा करावी इतका ऐवज त्यांत नाही. पहिले दोन भाग मात्र महाविद्यालयांतून, वसतिगृहांतून दाखवावेत, आणि आधी काही न सांगता दाखवावेत. नाव बदलण्याचा तो प्रसंग येईल तेव्हा दिवे लावून तिथेच थांबावे, आणि मुलांना बोलू द्यावे.